बीपीची गोळी सुरू झाली? मग हे आधी वाचा

अण्णांच्या उशाशी पत्र्याचा एक डबा असतो. कधीकाळी त्यात खारी होती, आता औषधं असतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला मी गावी गेले आणि त्यांचे पाय बघून दचकले. घोट्याभोवती सूज, बोटाने दाबलं की खळगा पडत होता. पहाटे उठताना दोनदा तोलही गेलेला. "वय झालं आता," म्हणून घरच्यांनी सोडून दिलं होतं. दुपारी डबा उघडून बसले. एक स्ट्रिप साताऱ्याच्या डॉक्टरांनी लिहिलेली, दुसरी गावातल्या. नावं वेगळी, रंग वेगळे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात झूम करून मागची बारीक अक्षरं वाचली, तर दोन्हींत अम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम. एका डॉक्टरांना दुसऱ्यांच्या गोळीचा पत्ता नव्हता आणि अण्णा दोघांचंही इमानदारीने ऐकत होते. साताऱ्याच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एक गोळी बंद केली. पंधरा दिवसांत सूज उतरली.

त्यानंतर सहा महिन्यांनी माझंच बीपी निघालं. वय 44, त्रास काही नाही, ऑफिसच्या तपासणीत 158/98. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली गोळी घ्यावी हे इथे सांगणार नाही. तुम्हाला लिहून दिलेली गोळी ओळखायची कशी, घ्यायची कशी आणि गडबड कुठे होते, एवढंच सांगते.

1. आधी आकडा खरा आहे का ते बघा

दवाखान्यात जिना चढून गेलात, नंबर लागेपर्यंत उभे राहिलात आणि बसता बसता पट्टा बांधला, तर येणारा आकडा तुमचा कमी आणि जिन्याचा जास्त. काहींचं बीपी तर डॉक्टर समोर दिसले की वाढतं आणि घरी नीट असतं. म्हणून घरी मोजा. दंडाला पट्टा बांधायचं ऑटोमॅटिक मशीन घ्या. मनगटाचं स्वस्त आणि सुटसुटीत वाटतं, पण हात जरा वर-खाली झाला की आकडा बदलतो. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. लहान पट्टा करकचून बांधला की बीपी खोटंच जास्त दाखवतो.

मोजण्याची रीत अशी. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, मिश्रीसुद्धा नाही. (माझी आत्या मिश्री लावून लगेच बीपी मोजायची आणि मशीनला शिव्या द्यायची.) लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. मांडी घालू नका, पायावर पाय टाकू नका. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. एक मिनिट सोडून दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. सात दिवस सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, बाकीच्यांची सरासरी काढायची.

दवाखान्यात 140/90 ही रेघ मानतात, घरी 135/85. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैल पडतानाचा. "माझा खालचा नॉर्मल आहे" म्हणून वरच्याकडे दुर्लक्ष करणारे बरेच भेटतात. दोन्ही बघायचे असतात.

आणि मशीन घरी आलं म्हणून दिवसातून दहा वेळा मोजत बसू नका. मी पहिल्या आठवड्यात तेच केलं. आकडा बघून घाबरायचं, घाबरल्यामुळे वाढलेला आकडा पुन्हा बघायचा. शेवटी नवऱ्याने मशीन कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं.

2. एक फाईल करा

साधी प्लॅस्टिकची फाईल पुरते. तिच्यात हे असू द्या:

- जुन्यात जुन्या चिठ्ठीपासून आजपर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे
- रक्ताचे रिपोर्ट: क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते यावरून कळतं), पोटॅशियम, सोडियम, साखर, कोलेस्टेरॉल
- लघवीचा रिपोर्ट आणि ईसीजी
- घरी मोजलेल्या आकड्यांची वही
- सध्या चालू असलेल्या प्रत्येक औषधाचं नाव, बीपीचं असो वा नसो. गुडघ्याची गोळी आणि आयुर्वेदिक चूर्णही यात आलं
- कुठल्या औषधाने पूर्वी त्रास झाला असेल तर ते, ठळक अक्षरांत

क्रिएटिनिन आणि पोटॅशियम गोळी सुरू होण्याआधीचे असतील तर फारच उत्तम. पुढे आकडा बदलला तर तो गोळीने बदलला की आधीपासूनच तसा होता, हे त्यावरून कळतं.

3. गोळीचं आडनाव ओळखा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. टेल्मा, अम्लोंग, स्टॅमलो, सिलाकार, कार्डेस ही सगळी तशी नावं. औषधाचं खरं नाव त्याच्या खाली किंवा मागे, मुंगीएवढ्या अक्षरात असतं. वाचायचं ते.

आपल्याकडे वाईकर, पाटणकर ऐकलं की माणूस मूळचा कुठला ते कळतं. औषधांचंही तसंच आहे. शेवट "डिपिन" असेल तर एक घराणं, "सार्टन" दुसरं, "प्रिल" तिसरं, "लोल" चौथं. राहिल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. त्यांच्या नावांना असा एक शेवट नाही, त्या पाठच कराव्या लागतात.

आता मुख्य फसगत. एकाच ब्रँडच्या नावापुढे एएम, एच, सीटी अशी शेपटं लागतात आणि प्रत्येक शेपटाने आतलं औषध बदलतं. टेल्मा 40 मध्ये फक्त टेल्मिसार्टन असतं. टेल्मा एएममध्ये त्याच्या जोडीला अम्लोडिपिन, टेल्मा एचमध्ये हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवी वाढवणारी गोळी. मेडिकलमध्ये जाऊन नुसतं "टेल्मा द्या" म्हणालात तर काय हातात पडेल ते काउंटरवरच्या पोराच्या अंदाजावर. शेपूट सांगा, आकडाही सांगा.

दुसरी फसगत एस-अम्लोडिपिनची. ही अम्लोडिपिनचीच काम करणारी अर्धी बाजू, त्यामुळे तिची 2.5 मिलिग्रॅमची गोळी साध्या 5 च्या बरोबरीची धरतात. स्ट्रिप बदलली, आकडा अर्धा दिसला, म्हणून मनानेच दोन गोळ्या घेतल्या, असं होऊ शकतं. शंका आली तर विचारा.

अण्णांच्या डब्याच्या झाकणाला आतून मी आता कागद चिकटवलाय. मार्करने मोठ्या देवनागरीत गोळ्यांची खरी नावं आणि समोर "सकाळी". गेल्या महिन्यात गावातल्या डॉक्टरांनी सर्दीसाठी काही लिहिलं, तर अण्णांनी आधी डबा पुढे केला.

4. कुठलं घराणं काय करतं

डिपिन. अम्लोडिपिन आणि सिल्निडिपिन. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाहीत, त्यामुळे वाहिन्या सैलावतात. अम्लोडिपिन अंगात फार वेळ टिकतं, म्हणून दिवसातून एकदा पुरते. ते चढतंही हळूहळू. दोन दिवसांत आकडा उतरला नाही म्हणून हिरमुसू नका, पुरता परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्रास म्हणजे पायांची सूज, विशेषतः 10 मिलिग्रॅमला. ही सूज वाहिन्या सैलावल्यामुळे येते, म्हणून लघवीची गोळी देऊन ती फारशी उतरत नाही. उपाय म्हणजे डोस कमी करणं, गोळी बदलणं किंवा सोबत सार्टन देणं, आणि तो डॉक्टरांनी करायचा. काहींच्या हिरड्याही फुगतात. दातांच्या डॉक्टरांना बीपीच्या गोळीचं नाव सांगितलं नाही तर ते नुसती सफाईच करत बसतील. सिल्निडिपिनने सूज कमी येते, म्हणून आपल्याकडे ते बरंच लिहिलं जातं.

सार्टन. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन. वाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन नावाचं द्रव्य शरीरात असतं, त्याला ही औषधं जागेवर बसू देत नाहीत. मधुमेह असेल आणि लघवीतून प्रथिन जात असेल तर मूत्रपिंडाच्या दृष्टीने यांना किंवा प्रिलना पसंती असते. मला टेल्मिसार्टन 40 लागलं, तक्रार काही नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. दुसरी, गरोदरपणात ही गोळी चालत नाही, बाळाच्या मूत्रपिंडाला धोका असतो. दिवस राहण्याचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. गरोदरपणासाठी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा अशी वेगळी औषधं आहेत.

प्रिल. एनालाप्रिल, रामिप्रिल. काम सार्टनच्याच वाटेवर, फक्त एक पायरी अलीकडे. या घराण्यातलं पहिलं औषध कॅप्टोप्रिल. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाच्या विषाचा अभ्यास करता करता त्याची वाट सापडली आणि 1981 मध्ये ते अमेरिकेत मंजूर झालं. यांचा ठरलेला त्रास म्हणजे कोरडा खोकला. कफ नाही, ताप नाही, रात्री घसा खवखवून उठवणारा. आमच्या शेजारच्या काकूंनी त्यावर दोन महिने आलं-मध आणि तीन प्रकारची कफ सिरप घेतली. रामिप्रिल बंद करून सार्टन दिलं, दोन-तीन आठवड्यांत खोकला गेला. क्वचित ओठ, जीभ किंवा चेहरा सुजतो. तसं झालं तर वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा. आणि प्रिल व सार्टन एकत्र देत नाहीत. दोन वेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर दोन्ही दिसली तर लगेच विचारा.

लघवीच्या गोळ्या. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापमाइड. मीठ आणि पाणी बाहेर काढतात. स्वस्त, जुन्या आणि गुणी. यांना उगाच नाकं मुरडतात असं माझं मत. सकाळीच घ्यायच्या, नाहीतर रात्रभर फेऱ्या. सोडियम आणि पोटॅशियम उतरू शकतं, युरिक अ‍ॅसिड वाढून पायाचा अंगठा ठणकू शकतो, साखर थोडी वर जाते. वयस्कर माणूस अचानक गोंधळल्यासारखं बोलायला लागलं, गळून गेलं, तर "म्हातारचळ" म्हणू नका, सोडियम तपासा.

लोल. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल. हृदयाचा वेग कमी करतात. नुसत्या बीपीसाठी हल्ली सहसा पहिली पसंती नसते. हार्ट अटॅक येऊन गेलेला, छातीत दुखणं, हृदयाचे ठोके अनियमित असणं अशी कारणं असली की देतात. दम्याच्या माणसाने आधी दमा सांगायचाच. मधुमेह्यांनी एक लक्षात ठेवावं: साखर उतरली की धडधडतं, ते या गोळीने झाकलं जातं, घाम मात्र येतो. ही गोळी एकदम बंद करायची नाही. बीपी आणि ठोके उसळून वर येतात. क्लोनिडिन या बीपीच्या आणखी एका गोळीचंही तसंच.

याखेरीज प्राझोसिन आहे. त्याच्या पहिल्या गोळीने उभं राहताना चक्कर येते, म्हणून ती रात्री झोपताना घ्यायला सांगतात. तीन गोळ्यांनी भागलं नाही तर स्पायरोनोलॅक्टोन देतात. त्याने पोटॅशियम वाढतं आणि काही पुरुषांच्या छातीत गाठीसारखं दुखतं.

पुरुषांसाठी आणखी एक, कारण कुणी बोलत नाही. काही गोळ्यांनी, जास्त करून जुन्या लोल आणि लघवीच्या गोळ्यांनी, लैंगिक तक्रार होऊ शकते. लाजेखातर गोळी गुपचूप बंद करणारे बरेच असतात. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलता येते, पर्याय आहेत.

दोन गोळ्या एकदम लिहून दिल्या म्हणून तुमचं बीपी फार भयंकर आहे असं समजू नका. एकाच गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दोन वेगळ्या घराण्यांचे छोटे डोस बहुधा जास्त काम करतात आणि त्रासही कमी देतात.

5. मेडिकलमध्ये

पूर्ण स्ट्रिप घ्या. पाच गोळ्या कापून घ्यायच्याच असतील तर जिकडे छापील नाव आणि मुदत आहे तो तुकडा आपल्याकडे मागा. कात्री चालते आणि नेमकी मुदतीची तारीख दुकानातच राहते, आपल्याकडे नुसता चकचकीत कागद येतो.

"तीच आहे, कंपनी वेगळी" असं ऐकलंत तर नवी-जुनी स्ट्रिप शेजारी ठेवा आणि औषधाचं नाव व मिलिग्रॅम जुळवा. जुळलं तर घ्यायला हरकत नाही. जनऔषधी केंद्रात हीच औषधं ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त मिळतात. मी स्वतः तिथूनच घेते. तिथे मात्र ब्रँडचं नाव सांगून उपयोग नाही, खरं नावच सांगावं लागतं. म्हणजे तिसरी पायरी इथे कामाला येते.

खेड्यात राहत असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी विचारा. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम 2017 च्या अखेरीस देशात सुरू झाला. महाराष्ट्रातले सुरुवातीचे जिल्हे होते सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या तिथे मोफत देतात आणि तुमच्या नावाने नोंद ठेवतात. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी जा. संपल्यावर गेलात आणि साठा नसला तर खाडा पडतो.

साठवणुकीचं थोडं. टेल्मिसार्टन हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून ते घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढायचं. सोमवार-मंगळवार लिहिलेल्या डबीत आठवड्याच्या गोळ्या सोलून ठेवायची सोय त्याला लागू नाही. कोकणातल्या पावसाळ्यात तर नाहीच. मी स्ट्रिपचे चौकोन कापून डबीत ठेवते. घरात फार वयस्कर माणूस असेल तर हेही करू नका, कागदासकट गोळी गिळल्याने घशात कोपरा टोचतो.

नावापुढे एक्सएल, एसआर किंवा ईआर असेल तर ती गोळी हळूहळू विरघळणारी आहे. चावायची नाही, कुटून दुधात घालायची नाही.

6. रोजची वेळ, चुकलेली गोळी आणि उपवास

सकाळी घ्यावी की रात्री, यावर खूप चर्चा होते. ब्रिटनमध्ये वीस हजारांहून अधिक लोकांवर झालेला टाइम नावाचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. हार्ट अटॅक, स्ट्रोकच्या बाबतीत सकाळ-संध्याकाळने फरक पडला नाही. तेव्हा लघवीची गोळी सकाळी, बाकीची तुम्हाला आठवेल तेव्हा, पण रोज त्याच वेळी. मी चहाचं आधण ठेवलं की घेते.

सकाळची विसरलात आणि दुपारी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर चुकलेली सोडा, एकच घ्या. दोन कधीच नाही.

तपासणीला जायच्या दिवशी "बघू तरी गोळीशिवाय किती येतं" म्हणून गोळी चुकवणारे असतात. अण्णा त्यातलेच. मग डॉक्टरांना आकडा जास्त दिसतो आणि ते डोस वाढवतात. रक्त द्यायला उपाशी जायचं असेल तरी घोटभर पाण्याबरोबर बीपीची गोळी बहुधा चालते. एकदा विचारून घ्या.

चतुर्थी, एकादशी, नवरात्र कुठलीही असो, गोळी उपवासाला चालते. निर्जळी करणार असाल आणि लघवीची गोळी चालू असेल, तर मात्र डॉक्टरांशी आधी बोला. वारीला जाणाऱ्यांनीही. ऊन, घाम, कमी पाणी, त्यात लघवीची गोळी. माणूस उभ्या उभ्या खाली बसतो. गोळ्या पिशवीत तळाशी नको, वरच्या खिशात ठेवा.

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईबाबांसाठी एक: पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या आणि खऱ्या नावांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा. आपले ब्रँड तिकडे कुणी ओळखत नाही, आणि सिल्निडिपिन तर अमेरिकेत मिळतच नाही.

7. गोळीच्या कामात कोण पाय घालतं

सगळ्यात मोठा गुन्हेगार दुखण्याची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफिनॅक. गुडघे दुखतात म्हणून रोज घेतात आणि बीपी का उतरत नाही म्हणून डोकं धरून बसतात. ही औषधं मीठ-पाणी धरून ठेवतात. सार्टन किंवा प्रिल, लघवीची गोळी आणि ही, अशी तिन्ही एकत्र आली तर मूत्रपिंड एकदम बसू शकतं. साध्या दुखण्याला पॅरासिटॅमॉलवर भागवा. गुडघ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. "पेनकिलर द्या" असं नुसतं म्हणू नका, बीपीची गोळी चालू आहे हे मेडिकलवाल्यालाही सांगा.

सर्दीच्या गोळ्यांत फेनिलेफ्रिन नाहीतर स्यूडोएफेड्रिन असतं. नाक मोकळं होतं, बीपी चढतं.

ज्येष्ठमध. घसा बसला की काडी तोंडात धरायची सवय आपल्याकडे घरोघरी. एखाद्या दिवशी ठीक, पण रोज चघळलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं.

सर्पगंधेची गोष्ट वेगळी. तिचा गुण खोटा नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने बीपी उतरतं हे रुग्णांवरच्या निरीक्षणांनिशी दाखवलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. पुढे तिच्यातलंच रिझर्पीन वेगळं काढून कित्येक वर्षं वापरलं गेलं. नाक चोंदणं, मन खचणं असे त्रास असल्यामुळे आता ते मागे पडलंय. पण गुण खरा आहे म्हणूनच धोकाही खरा आहे: चालू गोळ्यांवर सर्पगंधेचं चूर्ण घेतलं तर बीपी किती उतरेल याचा हिशोब कुणाकडेच नसतो.

मीठ. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स, सुकट, सगळं आलं. सैंधवही मीठच. पोटात गॅस झाला की पाण्यात फसफसणारं जे टाकतो त्यातही सोडियम असतं. आणि "लो सोडियम" म्हणून विकतात त्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं. चांगल्या मूत्रपिंडाला ते चालेल, पण सार्टन, प्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर विचारल्याशिवाय घरात आणू नका. रोज दोन-दोन शहाळी पिणाऱ्यांनाही हेच.

8. जुलाब, चक्कर आणि खरी घाई

उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर सार्टन, प्रिल आणि लघवीच्या गोळ्या एक-दोन दिवस थांबवाव्या लागू शकतात. मनाने ठरवू नका, फोन करून विचारा. पण फोन त्याच दिवशी करा. उठताना चक्कर येत असेल तर बसून आणि मग उभं राहून, असं दोनदा बीपी मोजा आणि दोन्ही आकडे सांगा.

180/120 च्या वर आकडा आला, पण त्रास काही नाही: पाच मिनिटं बसा, पुन्हा मोजा. तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका, कुणी सांगितलं म्हणून जिभेखाली काही फोडून टाकू नका. निफेडिपिनची कॅप्सूल जिभेखाली देण्याची जुनी पद्धत होती. त्याने बीपी इतकं झपकन कोसळायचं की स्ट्रोक यायचे, म्हणून ती सोडून दिली.

त्रास असेल तर मात्र आकड्याकडे बघत बसू नका. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, अचानक दिसेनासं होणं: 108 ला फोन.

9. पुढच्या भेटीला काय विचाराल

पहिली गोळी सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत परत बोलावतात. सार्टन किंवा प्रिल असेल तर त्याच सुमाराला क्रिएटिनिन आणि पोटॅशियमही. क्रिएटिनिन थोडं वर गेलेलं असतं, ते बघून स्वतःच गोळी बंद करू नका. किती वाढ चालते ते डॉक्टर ठरवतात. जाताना वही न्या, मशीनही एकदा न्या आणि त्यांच्या मशीनशी ताडून बघा. माझं 6 ने जास्त दाखवत होतं. विचारायचं ते असं: माझा आकडा किती असायला हवा? (बहुतेकांना 130/80 च्या आसपास सांगतात, फार वयस्करांना सैल ठेवतात.) पुढचं रक्त कधी? यातली कुठली गोळी एकदम बंद करायची नाही?

आणि मग तो प्रश्न, जो सगळेच विचारतात. गोळी सुटेल का? "एकदा लागली की सुटत नाही" म्हणून सुरूच न करणारे मी पाहिलेत. गोळी सवय लावत नाही. बीपी तिथेच असतं, गोळी त्याला दाबून ठेवते, आणि थांबवली की ते परत वर येतं, एवढंच. वजन उतरलं, मीठ कमी झालं, दारू सुटली तर डोस कमी होऊ शकतो, काहींचा बंदही होतो, पण तो डॉक्टरांनी आकडे बघत उतरवायचा. माझं सोळा महिन्यांत सात किलो वजन उतरलं आणि 40 ची गोळी 20 वर आली. अण्णांची आहे तेवढीच आहे.